मागे कोण बसणार?

"मांड्या अधांतरी आहेत रे," आई शेवटच्या रांगेतून म्हणाली.

शोरूममधली सात आसनी महागडी एसयूव्ही. सेल्समन बाबांना मधल्या रांगेतली कॅप्टन सीट मागे करून दाखवत होता, व्हेंटिलेशन, मसाज सगळं. आई स्वतःहूनच मागे जाऊन बसली होती. गुडघे जवळजवळ छातीशी. एका हाताने तिने पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती, गाडी तर उभीच होती.

फ्लोअर उंच आणि सीट खाली, की असंच होतं. मांडीला आधार मिळत नाही, सगळा भार कमरेवर येतो. पंधरा मिनिटं चालतं, पुण्याहून कोल्हापूरला जाताना नाही.

आमच्या इनोव्हा क्रिस्टाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २७५० मिमी, नव्या इनोव्हा हायक्रॉसचा २८५० मिमी. शिवाय हायक्रॉस मोनोकॉक, म्हणजे खाली वेगळी चौकट नाही, बॉडीच सगळा भार घेते. ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा शाफ्टही खालून जात नाही, फ्लोअर खाली ठेवता येतो. दिसायला एसयूव्हीइतकी रुबाबदार नसेल, पण माणसांसाठी जागा अशीच निघते. मला तरी हेच महत्त्वाचं वाटतं.

परत येताना मला एकच गोष्ट खात राहिली. आई मागे का गेली? कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाला, देवाला, गावाला, ती कायम मागेच बसत आली. पिशव्या मांडीवर घेऊन.

रविवारी दुसरी गाडी बघायला जातोय. आधी शेवटची रांग, आणि तिथे मी बसणार, निदान अर्धा तास.

तुमच्या घरी मागे कोण बसतं?