वायफायचा पासवर्ड बदलायचा होता, एवढंच

फायबर जोडायला आलेल्या मुलाने आमच्या वायफायला पासवर्ड दिला तो ह्यांचा मोबाइल नंबर. आमच्या सोसायटीत सगळ्यांना त्याने असंच करून दिलंय. म्हणजे कमिटीच्या यादीत ज्यांचे नंबर आहेत, त्यांची वायफाय सगळ्यांना खुली. आणि नंबर ठाऊक नसला तरी काय? मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात 6 ते 9 मधूनच. फोन वायफायला जोडला जातानाची देवाणघेवाण कुणी हवेतून टिपली, की चांगलं ग्राफिक कार्ड असलेला संगणक सगळे नंबर काही तासांत तपासून मोकळा होतो.

कुणी फुकटात चार व्हिडिओ पाहिले तर माझं काही जात नाही. पण 2008 मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा ईमेल सानपाड्यातल्या एका घरच्या वायफायवरून गेला होता, आणि पोलिस आधी त्या घरी पोचले होते. हे डोंबिवलीत बसून विसरता येत नाही.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता 192.168.1.1 टाकला, त्याच्या सेटिंगचं लॉगिनचं पान आलं. राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा पासवर्ड चालेना. तो आधीच बदललेला. इथून पुढे सगळा ताप.

कस्टमर केअरला फोन लावला.

"मॅडम, नेट चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग तक्रार काय आहे?"

त्यांच्याकडे तक्रारी दोनच प्रकारच्या: नेट बंद किंवा स्पीड कमी. माझी 'स्पीड कमी'त घातली. कुणीतरी तिकडूनच स्पीड मोजला, आणि तक्रार सोडवल्याचा मेसेज आला. पुन्हा फोन, पुन्हा तेच.

शेवटी केबलवाल्याच्या ऑफिसात गेले. काउंटरवरचा म्हणाला, "लॉगिन कंपनीचं असतं ताई, देता येत नाही. वायफायला काय पासवर्ड हवा तो इथे लिहा, आम्ही इथूनच टाकतो." आणि लांबट रजिस्टर पुढे सरकवलं. फ्लॅट नंबर, नाव, पासवर्ड, बॉलपेनने, ओळीने. माझ्या वरच्याच ओळीत बी विंगमधल्या कुणीतरी मुलीचं नाव आणि जन्मसाल लिहून ठेवलेलं. रजिस्टर काउंटरवर उघडं, बिल भरायला आलेला प्रत्येकजण त्यावर कोपर टेकतोय. मी पेन खाली ठेवलं.

विनंती करून काही हललं नाही. "वर्षाचा प्लॅन संपत आलाय, रिन्यू करत नाही," म्हटल्यावर मात्र फायबरवाला मुलगा घरी आला. तेव्हा हे काम रिन्यूअलच्या तोंडावरच काढा.

आणि हो, वैतागून राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालू नका. रीसेट झाला की कनेक्शनचं युजरनेम-पासवर्डही पुसलं जाऊ शकतं, आणि पुन्हा त्याच काउंटरवर जायचं.

त्या मुलाकडून लॉगिन मिळाल्यावर बाकीचं चहा होईपर्यंत उरकलं. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय, बंद केलं. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे फार तर 11,000 प्रयत्नांत सापडतो. हे 2011 पासून जगजाहीर आहे, तरी आमच्या राउटरवर ते चालूच होतं! बाहेरून लॉगिन करायची सोय बंद. टीव्ही आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं. डब्ल्यूपीए3, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, लावलं तर जुना प्रिंटर रुसला, म्हणून जुनं डब्ल्यूपीए2 आणि 3 एकत्र ठेवलं. वायफायचं नाव लपवायच्या भानगडीत पडले नाही. शोधणाऱ्याला ते सापडतंच. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो आणि 63 पर्यंत चालतो, तेव्हा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी लिपीत जोडून टाकले.

लॉगिनचा पासवर्डही बदलला. मुलगा जरा गांगरला. "मॅडम, पुढच्या वेळी आम्हाला काही करायचं असलं तर?"

"बेल वाजवा," म्हटलं.