‘आर्बित्राझ’ म्हणजे लवाद नव्हे : रशियन कायद्याची भाषा इंग्रजीत आणताना

रशियन करारात किंवा निकालपत्रात खरोखरच अडचणीचा शब्द आला की अनुवादक थांबतो, कोश काढतो, कुणा वकिलाला विचारतो. तिथे सहसा चूक होत नाही. चूक होते ती ओळखीचे वाटणाऱ्या शब्दांत, कारण तिथे कोश उघडायचं कुणाच्या मनातच येत नाही.

‘आर्बित्राझ्नी सूद’ हा त्यांचा म्होरक्या. ‘सूद’ म्हणजे न्यायालय आणि ‘आर्बित्राझ’ तर इंग्रजीसारखंच दिसतं, म्हणून ‘आर्बिट्रेशन कोर्ट’ लिहून मोकळे होणारे पुष्कळ. प्रत्यक्षात हे सरकारी न्यायालय आहे. सोव्हिएत काळात सरकारी उद्योगांचे आपसातले तंटे सोडवायला ‘गोसआर्बित्राझ’ नावाची यंत्रणा होती. सोव्हिएत संघ मोडला त्या सुमारास तिच्या जागी रीतसर न्यायालये आली, नाव मात्र जुनंच राहिलं. व्यापारी दावे, दिवाळखोरी, कंपन्यांचे करविषयक तंटे तिथे चालतात. म्हणून इंग्रजीत ‘कमर्शियल कोर्ट’ किंवा सरळ ‘आर्बित्राझ कोर्ट’ लिहावं, आणि पहिल्या उल्लेखाला ‘हे सरकारी व्यापारी न्यायालय आहे’ एवढा खुलासा जोडावा. हा नुसता शब्दच्छल नाही. लवादाचा निवाडा परदेशात वसूल करायला १९५८ चा न्यूयॉर्क करार आहे. परक्या न्यायालयाच्या निकालाची वाट निराळी असते. चुकीचा शब्द वाचून वकील भलत्याच वाटेने अर्ज तयार करायला बसतो.

खरा लवाद म्हणजे ‘त्रेतेइस्की सूद’. पण नियम पाठ करून चालत नाही. रशियाच्या वाणिज्य व उद्योग मंडळाशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद संस्थेच्या नावातही ‘आर्बित्राझ्नी सूद’ हेच शब्द आहेत, आणि तिथे ‘आर्बिट्रेशन कोर्ट’ हेच बरोबर. उलट ‘आर्बित्राझ्नी उप्राव्ल्यायुश्ची’ या माणसाचा लवादाशी काडीचा संबंध नाही. तो दिवाळखोर कंपनीचा कारभार पाहणारा, म्हणजे ‘इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. दिवाळखोरीच्याच कायद्यातलं ‘कोंकुर्स्नोये प्रोइझ्वोद्स्त्वो’ वाचून कुणाला स्पर्धा आठवते. इथे ‘कोंकुर्स’ लॅटिनमधल्या जुन्या अर्थाने आला आहे, सगळे धनको एकत्र धावून येतात तो. इंग्रजीत ती दिवाळखोरीतली लिक्विडेशनची पायरी. आणखी एक खाच: सर्वोच्च आर्बित्राझ न्यायालय २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात विलीन झालं. जुन्या कागदांत त्याचं लघुरूप ‘वास’ असतं, सर्वोच्च न्यायालयाचं ‘वे-एस’. रशियन लिपीत एका अक्षराचा फरक, आणि न्यायालय वेगळं.

बाकीचे ओळखीचे चेहरे भराभर पाहू. ‘युरिदीचेस्कोये लित्सो’ म्हणजे ‘लीगल एंटिटी’. ‘फिझीचेस्कोये लित्सो’ला ‘फिजिकल पर्सन’ म्हटलं की इंग्रज वाचकाला व्यायामशाळा दिसते, तिथे ‘इंडिव्हिज्युअल’ किंवा कायद्याच्या मजकुरात ‘नॅचरल पर्सन’ हवं. ‘व लित्से’ म्हणजे ‘रिप्रेझेंटेड बाय’. ‘आक्त’ हा बहुतेकदा अ‍ॅक्ट नसतो: माल हस्तांतराचा आक्त म्हणजे ‘अ‍ॅक्सेप्टन्स सर्टिफिकेट’, हिशेब जुळवणीचा आक्त म्हणजे ‘रिकन्सिलिएशन स्टेटमेंट’. सभेचा ‘प्रोतोकोल’ म्हणजे ‘मिनिट्स’, जबाबाचा म्हणजे ‘रेकॉर्ड’. ‘ऑर्गनी’ म्हणजे ‘ऑथॉरिटीज’, अवयव नव्हेत. ‘रेक्विझीती’ म्हणजे कंपनीचा पत्ता, नोंदणी व बँक तपशील. कराची ‘देक्लारात्सिया’ म्हणजे ‘टॅक्स रिटर्न’. ‘झालोग’ दिवाणी कागदात तारण आणि फौजदारी कागदात जामिनाची रक्कम. ‘प्रावो’चं सगळ्यात वाईट. कायदा आणि हक्क हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. मराठीत आपल्याकडे दोन शब्द असल्याने आपल्याला हा घोटाळा निदान दिसतो तरी.

आता ‘नेउस्तोइका’. या शब्दावर थोडं रेंगाळायला हवं, कारण कुठला इंग्रजी शब्द निवडला यावर इथे पैसे ठरतात.

रशियन दिवाणी संहितेच्या कलम ३३० नुसार, करार पाळला नाही किंवा नीट पाळला नाही, विशेषतः उशीर केला, तर द्यायची आधीच ठरलेली रक्कम म्हणजे नेउस्तोइका. नुकसान किती झालं हे धनकोला सिद्ध करावं लागत नाही. तिचे दोन प्रकार: ‘श्त्राफ’ म्हणजे एकरकमी, ‘पेन्या’ म्हणजे दिवसागणिक वाढणारी. इंग्रजीत दोन शब्द तयारच असतात, ‘पेनल्टी’ आणि ‘लिक्विडेटेड डॅमेजेस’ (आधीच ठरवलेली भरपाई), आणि दोन्ही थोडे थोडे खोटे बोलतात. इंग्लंडच्या कायद्यात ‘पेनल्टी’ ठरणारं कलम वसूल होत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कॅव्हेंडिश विरुद्ध मकदेसी खटल्यात कसोटी बदलली, धनकोच्या रास्त हितसंबंधांच्या मानाने रक्कम अवाजवी आहे का एवढं पाहायचं ठरवलं. तरी तो शब्द दिसताच लंडनचा वकील सावध होतो. ‘लिक्विडेटेड डॅमेजेस’ लिहिलं तर तो उलट निर्धास्त होतो: एवढी रक्कम दिली की भरपाईचा विषय संपला, असं समजतो. रशियन कायद्यात तो संपतोच असं नाही. कलम ३९४ प्रमाणे एरवी नेउस्तोइकेत न भागलेलं नुकसान वर मागता येतं; आणि करारात ठरवलं असेल तर फक्त नेउस्तोइका, किंवा दोहोंपैकी एक, किंवा पूर्ण नुकसान आणि वर नेउस्तोइका, असंही होतं. शिवाय कलम ३३३ खाली न्यायालय ती कमी करू शकतं.

म्हणून करार रशियन कायद्याखाली असेल तर ‘कॉन्ट्रॅक्च्युअल पेनल्टी’ लिहावं आणि अनुवादकाची एक टीप द्यावी. पेन्यासाठी ‘डेली लेट पेमेंट पेनल्टी’, श्त्राफसाठी ‘फिक्स्ड पेनल्टी’. करारातल्या श्त्राफला ‘फाइन’ कधीही म्हणू नये. फाइन सरकार करतं, पुरवठादार नव्हे. फौजदारी किंवा प्रशासकीय संहितेतला श्त्राफ मात्र खरोखरच ‘फाइन’. मराठीत आपण दोन्हीकडे ‘दंड’च म्हणतो, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला टोचत नाही. भारतीय वकिलालाही फारसा टोचत नाही, कारण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ ने पेनल्टी आणि लिक्विडेटेड डॅमेजेस यांतली भिंत बरीचशी पाडली आहे: लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई. म्हणजे मुंबईच्या वकिलाला चालून गेलेला शब्द लंडनला चालेलच असं नाही.

त्यासाठी काम घेतानाच विचारून घ्यावं: वाचणारा वकील कुठल्या देशातला, करार कुठल्या देशाच्या कायद्याखाली, आणि अनुवाद न्यायालयात दाखल होणार की नुसता माहितीसाठी. इंग्लंडमध्ये १९९९ पासून ‘प्लेंटिफ’ (वादी) जाऊन ‘क्लेमंट’ आला. अमेरिकेत आणि भारतात प्लेंटिफच आहे. दाव्याच्या अर्जाला आपल्याकडे ‘प्लेंट’ म्हणतात, पण भारताबाहेर बहुतेकांना तो शब्द छापील चूक वाटेल. तिथे ‘स्टेटमेंट ऑफ क्लेम’.

‘दोल्झ्निक’चा अनुवाद ‘डेटर’ करतात, तोही अर्धाच बरोबर. दिवाणी संहितेत दोल्झ्निक म्हणजे ज्याच्यावर काही करण्याचं बंधन आहे तो. माल पोचवायचा बाकी असलेला पुरवठादारही दोल्झ्निक, मग त्याने कुणाचा रुबलही देणं नसो. तिथे ‘ऑब्लिगर’. ‘सोलिदार्नाया’ जबाबदारी म्हणजे ‘जॉइंट अँड सेव्हरल लायबिलिटी’: धनको कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ‘निच्तोझ्नाया’ व्यवहार म्हणजे ‘व्हॉइड’, मुळातच रद्द; ‘अस्पोरिमाया’ म्हणजे ‘व्हॉइडेबल’, आव्हान दिल्यास रद्द होऊ शकणारा. दोन्हींना ‘इनव्हॅलिड’ म्हटलं की फरक बुडाला. ‘मोराल्नी व्रेद’ म्हणजे नैतिक हानी नव्हे, ‘नॉन-पिक्युनिअरी डॅमेज’.

काही शब्दांचा प्रवास उलटा झालेला आहे आणि तिथे कल्पकता दाखवूच नये. २०१५ मध्ये दिवाणी संहितेत बरेच बदल झाले. त्यात आलेलं कलम ४०६.१ ‘व्होझ्मेश्चेनिये पोतेर’ हे इंग्रजी ‘इंडेम्निटी’वरून घडवलेलं, आणि ४३१.२ मधल्या ‘झावेरेनिया’ म्हणजे ‘रिप्रेझेंटेशन्स’. शब्दशः ‘लॉसेसची भरपाई’ आणि ‘परिस्थितीविषयीची आश्वासने’ असं लिहिलं तर इंग्रज वकील स्वतःचाच माल ओळखणार नाही.

शब्द बरोबर पडले तरी वाक्य रशियन राहू शकतं. रशियन कायदेभाषेला क्रियापदांपेक्षा नामं प्रिय. ‘पुरवठादार मालाच्या पुरवठ्याची अंमलबजावणी या कराराने निश्चित केलेल्या मुदतींत व पद्धतीने करतो’ या धाटणीचं वाक्य घ्या. ‘असुश्चेस्त्व्ल्यात’ म्हणजे अंमलबजावणी करणे. हे क्रियापद जवळजवळ नेहमी गाळता येतं. उरतं ते ‘द सप्लायर शॅल डिलिव्हर द गुड्स’, आणि पुढे मुदत व पद्धत. मुदत गाळायची नाही. ती तिथे सजावटीला आलेली नाही. मुळात वर्तमानकाळ आहे, पण रशियन करारातला वर्तमानकाळ बंधन सांगतो, म्हणून इंग्रजीत ‘शॅल’ किंवा ‘मस्ट’. ‘व्प्रावे’ म्हणजे ‘मे’. ‘ने व्प्रावे’ला ‘मे नॉट’ लिहिलं तर ‘कदाचित करणार नाही’ असाही अर्थ निघतो. ‘शॅल नॉट’ बरं. सुरुवातीची ‘एका बाजूने’, ‘दुसऱ्या बाजूने’ ही जोडगोळी खुशाल काढावी. ‘रशियन संघराज्याच्या कायद्याने निश्चित केलेल्या क्रमाने’ हे शेपूट मात्र आधी तपासावं: मागे खरोखर एखादी कार्यपद्धती असेल तर ‘प्रोसीजर’ ठेवावा, नुसती सवय असेल तर ‘अ‍ॅज रिक्वायर्ड बाय लॉ’ पुरे.

न्यायालयाच्या कागदांत सगळ्याला ‘डिसिजन’ म्हणण्याचा मोह होतो. दिवाणी दाव्याचा पहिल्या पायरीवरचा गुणदोषांवरचा निकाल ‘रेशेनिये’, म्हणजे ‘जजमेंट’. मधला आदेश ‘अप्रेदेलेनिये’, म्हणजे ‘रूलिंग’. पण अपिलात गंमत आहे: आर्बित्राझ न्यायालय अपिलावर ‘पोस्तानोव्लेनिये’ काढतं, तर साधं दिवाणी न्यायालय अपिलावरही अप्रेदेलेनियेच काढतं. म्हणजे एकच शब्द कधी किरकोळ आदेश असतो, कधी अपिलाचा निकाल. तेव्हा ‘अपील रूलिंग’ असं स्पष्ट लिहावं. फौजदारी निकाल ‘प्रिगवोर’. निकाल ‘व झाकोन्नुयु सीलु’ (शब्दशः कायदेशीर बळात) जातो तेव्हा तो अंतिम होतो. दिवाणी दाव्यात पहिल्या पायरीवर अपिलाची मुदत साधारणपणे एक महिना, तोवर तो अंतिम नसतो. ‘केम इंटू फोर्स’ हे कायद्याला शोभतं. निकालाला ‘बिकेम फायनल’ लिहावं.

फौजदारीत तीन गुन्हे नेहमी एकमेकांत मिसळतात. ‘क्राझा’, कलम १५८, गुपचूप चोरी. ‘ग्राब्योझ’, कलम १६१, उघड उघड घेऊन जाणे. ‘राझबोय’, कलम १६२, जिवाला किंवा प्रकृतीला धोका होईल अशा बळाने, किंवा तशी धमकी देऊन, केलेला हल्ला. ग्राब्योझच्या पहिल्या भागात बळाचा वापरच नाही, आणि इंग्लंडमध्ये बळ किंवा बळाचा धाक असल्याशिवाय ‘रॉबरी’ होत नाही. म्हणून तिथे ‘ओपन थेफ्ट’. राझबोयला ‘आर्म्ड रॉबरी’ म्हणू नये; हत्यार दुसऱ्या भागात येतं. मराठी मनात तिथे ‘दरोडा’ उमटतो, पण आपल्या कायद्यातल्या दरोड्याला पाच माणसं लागतात, राझबोयला एक पुरतो.

शेवटच्या फेरीत आकडे आणि नावं पाहावीत, कारण तोवर डोळे थकलेले असतात. रशियनमध्ये स्वल्पविराम हा दशांशचिन्ह आहे. ‘१,५०० टन’ म्हणजे दीड टन. तसंच ठेवलं तर इंग्रजीत दीड हजार टन. कलमांचा क्रम उलटा येतो, आधी परिच्छेद, मग कलम. दिवाणी संहितेत कलमाच्या पोटात ‘पुंक्त’ असतो, फौजदारी आणि प्रक्रिया संहितांत ‘चास्त’. एकाला ‘पॅराग्राफ’, दुसऱ्याला ‘पार्ट’ ठरवलं की शेवटपर्यंत बदलू नये. आडनावांना विभक्ती लागते. ‘संचालक इवानोवा यांच्यामार्फत’ असं मूळ वाक्यात दिसलं तर ती बहुधा बाई नसून षष्ठीतला इवानोव असतो. शंका असेल तर खालची सहीची जागा पाहावी, तिथे नाव प्रथमेत असतं. स्पेलिंग पासपोर्टावरचं घ्यावं, आपल्या मनाने करू नये. ‘ओ-आ-ओ’ (खुली भागभांडवली कंपनी) यासारखी कंपनीची जुनी रूपं २०१४ च्या सप्टेंबरपासून नव्याने दिली जात नाहीत, पण २०१० च्या करारात ती असतील तर तशीच ठेवावीत, कागद अद्ययावत करणं अनुवादकाचं काम नाही.

आणि सहीशेजारची ‘एम. पी.’ ही अक्षरं. ती शिक्क्याची जागा दाखवतात, खासदार नव्हे. २०१५ पासून मर्यादित दायित्वाच्या आणि भागभांडवली कंपन्यांना शिक्का ठेवणं सक्तीचं नाही, तरी नमुन्यांत ती राहिली आहेत. शिक्का उमटलेला असेल तर चौकटी कंसात ‘सील’ लिहून त्यावरचा मजकूर भाषांतरित करावा. जागा कोरी असेल तर ‘प्लेस फॉर सील’.