पुणे ते महाबळेश्वर सायकलने, पसरणीपासून पुढे एका पायावर

महाबळेश्वरला सायकलने निघणार असाल तर टायरची हवा नंतर बघा, आधी बूट उलटे करून क्लीट बघा, म्हणजे पाय पेडलमध्ये अडकवून ठेवणारा बुटाच्या तळाचा तुकडा. मी बघितले नाहीत. त्यामुळे हा वृत्तांत मुख्यतः दहा-अकरा किलोमीटरचा आहे. बाकीचे शंभरावर किलोमीटर छान गेले आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही.

नोव्हेंबरातला शनिवार, पहाटे साडेचारला सहकारनगरहून निघालो. आम्ही चौघं. त्यात आमचे काका, वय ६३, बँकेतून निवृत्त. हे गृहस्थ सँडलला क्लीट लावून सायकल चालवतात. असे सँडल खरंच मिळतात, तळव्यात खोबण असते आणि तिच्यात लोखंडी क्लीट बसते. त्या सँडलवरून आम्ही काकांची वर्षभर टिंगल केलेली आहे. हे आत्ताच सांगून ठेवते.

जुना कात्रज घाट अंधारात, खेड शिवापूरला चहा, शिरवळला वडापाव, खंबाटकी चढून सुरूर फाटा. खंबाटकीत ट्रकच्या धुराची तयारी ठेवा, बाकी रस्ता चांगला. सुरूरला हायवे सोडला की हायसं वाटतं. साडेनऊला वाईत. वेळ भरपूर हातात होता म्हणून ढोल्या गणपतीला गेलो, मग नदीच्या घाटावर बसलो, परत वर आलो, मग कोणाला तरी घाटाच्या दुसऱ्या टोकाचा फोटो हवा होता म्हणून पुन्हा खाली. हे सगळं मी क्लीटवर, खटाक खटाक करत, काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर. काका म्हणाले, "अगं, बूट काढून चाल की." मी म्हटलं, "काका, आता कोण काढतंय आणि घालतंय."

पसरणी घाट वाईतून बाहेर पडलं की लगेच सुरू होतो. चढ क्रूर नाही, पण संपत नाही. साधारण तिसऱ्या किलोमीटरला एका वळणावर मागून एसटी आली. तिला जागा द्यावी म्हणून मी सीटवरून उठून जोर लावला, डावा पाय वर खेचला आणि तो सुटून हवेत. गुडघा हँडलला आपटला. सायकल कठड्याकडे गेली, कशीबशी सावरली. एसटीच्या खिडकीतून एक आजी माझ्याकडे बघत होत्या, त्यांचा चेहरा अजून आठवतो.

मला वाटलं, क्लीट धरून ठेवणारी पेडलची स्प्रिंग सैल झाली असेल. अॅलन की (षटकोनी पाना) काढून डावीकडची आवळली आणि घाबरून उजवीकडचीही आवळली. (हा मूर्खपणा पुढे भोवला.) पुन्हा निघाले. पाय ठेवला, क्लीट अडकल्याचा 'टक्' आवाज आलाच नाही. पन्नास मीटरवर पुन्हा सुटला. तेव्हा कुठे कठड्यावर बसून बूट उलटा केला.

रोड सायकलच्या तीन स्क्रूवाल्या क्लीटचं काम साधं असतं. पुढचं नाक पेडलच्या पुढच्या ओठाखाली अडकतं, मग टाच दाबली की मागची कडा स्प्रिंगच्या पकडीत बसते. माझं पुढचं नाक नखाएवढं पातळ झालं होतं आणि एका कोपऱ्यातून तुटून गेलं होतं. मागची कडा तिरकी घासलेली, चपलेची टाच एका बाजूने झिजते तशी. तीनपैकी एका स्क्रूच्या षटकोनी खाचेत खडीचा कच इतका घट्ट बसला होता की अॅलन की आत जाईना. सेफ्टी पिनने तो कोरून काढायला दहा मिनिटं गेली. आणि काढून करणार काय? जास्तीची क्लीट कोणाकडेच नव्हती. असती तरी उपयोग झालाच असता असं नाही: माझं शिमानो कंपनीचं तीन स्क्रूवालं एसपीडी-एसएल, आमच्यातल्या एकाचं लुक कंपनीचं कीओ, काकांचं आणि चौथीचं दोन स्क्रूवालं एसपीडी. चार माणसं, तीन पद्धती, कशाचं काही कशाला बसत नाही. गटाने जाणार असाल तर हे आदल्या रात्री विचारून घ्या, घाटात नको.

त्याच वेळी एक छोटा हत्ती थांबला. रिकामा होता, पाचगणीलाच चालला होता. "सोडतो ना ताई, दोन हजार."

काका म्हणाले, "अहो, सात-आठ किलोमीटरला दोन हजार?"

"चढ आहे काका."

मी रागाने नको म्हटलं. आता विचाराल तर सातशेपर्यंत दिले असते. घाटात अडकलेल्या सायकलवाल्याकडे बघून जो आकडा सांगितला जातो त्याचा डिझेलशी काही संबंध नसतो. घासाघीस करा, आणि सायकल आडवी टाकून वर पोती ठेवतील त्याकडे लक्ष द्या.

क्लीट न अडकता रोड पेडलवर पाय ठेवला की काय होतं ते पुढच्या सात किलोमीटरमध्ये कळलं. पेडल गुळगुळीत, बुटाचा तळ कडक प्लास्टिकचा, मध्ये झिजलेली क्लीट. साबणावर साबण. जोर लावला की पाय पुढे घसरतो आणि पोटरी पेडलवर सोलवटते. जोर उजव्याच पायाने लावायचा, डावा नुसता फिरायला. काकांनी त्यांच्या पिशवीतून पंक्चर झालेली जुनी ट्यूब काढली, तिचे चार बोटं रुंदीचे दोन तुकडे कापले आणि बांगड्यांसारखे माझ्या डाव्या पेडलवर एकावर एक चढवले. रबरावर रबर, त्यामुळे जरा पकड आली. हा उपाय लक्षात ठेवा, फुकटचा आहे आणि चालतो. त्या दिवशी चाललेली हीच एक गोष्ट. तरी वाटेतले दोन टप्पे मी सायकल ढकलत चालले, म्हणजे उजव्या क्लीटचीही वाट लागली.

पाचगणीत शिरताना गर्दी होती. वेग कमी केला, डावा पाय पेडलवरून घसरला, तोल उजवीकडे गेला. उजवा पाय सोडवायला गेले तर सुटेना, कारण स्प्रिंग मीच आवळून ठेवली होती. भर बाजारात, स्ट्रॉबेरी-क्रीमच्या गाड्यासमोर, सायकलसकट आडवी. कोपर खरचटलं. अब्रू जास्त खरचटली.

पाचगणीत क्लीट मिळत नाहीत. वाईतही विचारून पाहा, मिळणार नाहीत. म्हणून बाजारातून कॅनव्हासचे बूट घेतले, तुळशीबागेत चारशेला मिळतील असे, साडेआठशेला. "सीझन आहे" म्हणाला. पुढचे वीसेक किलोमीटर महाबळेश्वरपर्यंत त्या बुटांवर केले. मऊ तळ आणि लहान पेडल, त्यामुळे संध्याकाळी दोन्ही तळव्यांवर रुपयाएवढे लाल ठिपके. मुक्काम, जेवण, थंडी सगळं उत्तम. दुसऱ्या दिवशी उतार, वाई, खंबाटकीचा बोगदा (मागचा लाल दिवा चालू ठेवा, बोगद्यात गॉगल काढा), दुपारी अडीचला घरी.

आता क्लीट कशा गेल्या ते.

त्या फक्त सात आठवडे जुन्या होत्या. मोजून १,१४० किलोमीटर झाले होते. घेताना दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "मॅडम, पाच हजार किलोमीटर डोळे झाकून." पाकिटावर कंपनीचं नाव नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "माल कंपनीचाच, पॅकिंग वेगळं." सोळाशे रुपये घेतले. हे मी ऐकून घेतलं, यात माझी अक्कलही दिसते.

परत आल्यावर मैत्रिणीच्या अस्सल पिवळ्या क्लीटशेजारी माझी ठेवली. अस्सल क्लीटच्या कोपऱ्यांवर जे पिवळे भाग असतात ते वेगळ्या, जरा मऊ प्लास्टिकचे असतात. चालताना पकड देणं हे त्यांचं काम, आणि ते झिजून खालचं गडद प्लास्टिक दिसायला लागलं की बदलायची वेळ झाली ही खूण. माझ्या क्लीटवर पिवळा रंग नुसता वरून दिलेला होता. किल्लीने खरवडला तर पापुद्रा निघाला. म्हणजे खूण अशी नव्हतीच. रंग पहिल्याच आठवड्यात गेला असणार आणि त्यानंतर क्लीट किती उरली हे सांगणारं काहीच नव्हतं. दुकानात किल्लीने हळूच खरवडून बघा. दुकानदार चिडला तर दुसऱ्या दुकानात जा.

मी भांडायला गेले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, क्लीट चालवायला असते, चालायला नसते."

राग आला, कारण माल बनावट होता हे खरं असलं तरी त्याचं वाक्यही खरं होतं. सायकल चालवून क्लीट फारशी झिजत नाही. पेडलशी घासते ती थोडी, खरी झिजते ती जमिनीवर. म्हणून 'इतके हजार किलोमीटर टिकते' या आकड्याला अर्थ नाही. त्या सात आठवड्यांत मी चार वेळा सिंहगडावर गेले होते आणि चारही वेळा वर सायकल लावून क्लीटवरच पिठलं-भाकरीपर्यंत चालत गेले होते. दगड, मुरूम, पुन्हा दगड. शिवाय प्रत्येक सिग्नलला डावा पाय खाली. आपल्याकडे रस्त्याची कडा डावीकडे, म्हणून बहुतेकांचा डावाच पाय टेकतो आणि डावीच क्लीट आधी जाते. महिन्यातून एकदा दोन्ही क्लीट शेजारी ठेवून बघितल्या तर फरक डोळ्यांना दिसतो. शिमानोच्या क्लीटला डावं-उजवं नसतं, तेव्हा मध्येच अदलाबदल करून थोडे दिवस वाढवता येतात. पण नाक पातळ झालेली क्लीट उजवीकडे लावून ती जाड होणार नाही, एवढं लक्षात असू द्या.

रंगाबद्दल एक इशारा, कारण इथे दुकानदारही गोंधळतात. शिमानोत पिवळी म्हणजे पाय ६ अंश हलू शकतो, निळी २ अंश, लाल म्हणजे अजिबात नाही. लुकच्या कीओमध्ये काळी ० अंश, करडी ४.५ आणि लाल ९ अंश, म्हणजे लाल सगळ्यात मोकळी. एका ओळखीच्यांनी कीओवरून शिमानोला येताना सवयीने "लाल द्या" म्हटलं आणि महिनाभर गुडघा धरून बसले. शंका असेल तर पिवळी घ्या.

नवीन लावताना जुनी काढायच्या आधी तिच्याभोवती मार्करने बुटावर रेघ मारा, नाहीतर जागा सापडेपर्यंत गुडघा बोलत राहतो. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावा. पावसाळ्यात न लावलेले स्क्रू गंजतात आणि मग ड्रिलशिवाय निघत नाहीत. आवळायचं ५ ते ६ न्यूटन मीटर, टॉर्क की (मोजून आवळायचा पाना) नसेल तर मनगटाने, खांद्याने नाही. पहिल्या राइडनंतर पुन्हा एकदा आवळून घ्या. क्लीटवर घालायची रबरी टोपणं मिळतात. ती दिसायला बावळट, पण जर्सीच्या मागच्या खिशात राहतात आणि चहाच्या टपरीवर दहा सेकंदात चढतात. मी ती 'नंतर घेऊ' म्हणून सोडून दिली होती.

आता माझा निकाल, आणि हा दमलेल्या माणसाचा आहे हे कबूल. पुण्याहून घाटात जाणाऱ्यांनी, वाटेत थांबणाऱ्यांनी, चहा पिणाऱ्यांनी, देवळात जाणाऱ्यांनी रोड क्लीट वापरू नये. म्हणजे आपण सगळ्यांनीच. दोन स्क्रूची लोखंडी एसपीडी क्लीट बुटाच्या तळव्यात आत बसलेली असते, माणसासारखं चालता येतं. वजन थोडं जास्त, पेडल लहान, पाय थोडा कमी जखडलेला. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तास असतात, त्यात हा फरक कुठे जाणवणार आहे? शर्यतीत उतरणारे आणि सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन न थांबता परतणारे रोड क्लीट वापरोत बापडे. ज्यांना त्या सोडायच्याच नाहीत त्यांनी एक जोडी क्लीट, तीन जास्तीचे स्क्रू आणि ४ मिलिमीटरची अॅलन की बरोबर ठेवावी. सगळं मिळून सीटखालच्या पिशवीत बसतं.

मी मंगळवारीच नवीन बूट घेतले, दोन स्क्रूचे, बिलासकट. काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "सँडल का नाही घेतले?"