पारदर्शक लाकडाच्या खिडक्या कधी येणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. खिडकीतून बाहेरचा रस्ता बघायचा असेल, तर पारदर्शक लाकूड आज तरी त्या कामाचं नाही. छतातून मऊ, न टोचणारा उजेड आत घ्यायचा असेल, तर मात्र फार छान. आणि ते पर्यावरणाला किती बरं, हे लाकडापेक्षा त्यात काय भरलंय यावर ठरतं.

लाकडाला रंग येतो तो मुख्यतः लिग्निन या पेशीभित्तीतल्या द्रव्यामुळे. पण नुसता रंग काढला तर लाकूड पांढरंफटक होतं, पारदर्शक नाही. पेशींच्या पोकळीत हवा असते, तिचा अपवर्तनांक (पदार्थ उजेडाला किती वाकवतो याचं माप) १. पेशीभित्तीचा साधारण १.५३. या फरकामुळे उजेड भिंतीभिंतीवर विखुरतो. पोकळीत १.४९ अपवर्तनांकाचं ॲक्रिलिक, म्हणजे एक पारदर्शक प्लास्टिक, भरलं की विखुरणं कमी होतं. जर्मनीत सीगफ्रीड फिंक यांनी १९९२ मध्येच हे केलं होतं, लाकडाची आतली रचना बघता यावी म्हणून. बांधकामासाठी त्याचा विचार जोमाने सुरू झाला तो २०१६ पासून, स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठात लार्स बेर्गलुंड यांच्या गटात आणि अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात.

केटीएचची कृती अशी. बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचा मिलिमीटरभर जाडीचा तुकडा १ टक्का सोडियम क्लोराईटच्या द्रावणात, पीएच ४.६ ठेवून, ८० अंशांवर काही तास. यात क्लोरीन डायऑक्साइड हा विषारी वायू सुटतो, तेव्हा फ्यूम हूडशिवाय (वायू बाहेर खेचणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटाशिवाय) हात लावू नये. मग पाणी काढायचं, आधी इथेनॉलने, नंतर ॲसिटोनने. ही पायरी टाळून तुकडा नुसता वाळवला तर भिंती एकमेकींना चिकटतात आणि पुढे काहीच आत शिरत नाही. मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे घट्ट झाल्यावर ज्याचं ॲक्रिलिक होतं तो द्रव, आधी ७५ अंशांवर १५ मिनिटं तापवून किंचित दाट करतात, निर्वातात लाकडात मुरवतात, दोन काचांमध्ये दाबून ७० अंशांवर ४ तास ठेवतात.

बिघडतं ते बहुधा इथेच. घट्ट होताना ॲक्रिलिक आकसतं, आकारमानात जवळजवळ पाचवा हिस्सा. ते भिंतीपासून सुटतं, मध्ये सूक्ष्म फट राहते, फटीत पुन्हा हवा आणि तुकडा दुधाळ. म्हणून भिंतीवर आधी ॲसिटिलेशन (ॲसिटिल गट जोडण्याची रासायनिक प्रक्रिया) करतात, त्यामुळे ॲक्रिलिक नीट धरून राहतं. दुसरी अडचण लिग्निनची. पेशींना पेशी जोडून धरणारं तेच, सगळं काढलं की तुकडा हातातच विस्कटतो. त्यावर उपाय म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड: त्याने फक्त रंग देणारा भाग जातो आणि ८० टक्क्यांपर्यंत लिग्निन जागेवर राहतं.

केटीएचच्या २०१६ च्या नमुन्यातून ८५ टक्के उजेड पार झाला, पण धूसरपणा, म्हणजे पार झालेल्या उजेडातला विखुरलेला हिस्सा, ७१ टक्के. छापील कागदावर टेकवला तर अक्षरं वाचता येतात, थोडा वर उचलला की पुसट. म्हणून म्हटलं, छताला, खिडकीला नाही.

आता पर्यावरणाचं. मूळ बाल्सात पेशीभित्ती आकारमानाने ५ टक्क्यांच्या आसपास, दाबून घट्ट केली तरी १९. उरलेलं बहुतेक ॲक्रिलिक, म्हणजे खनिज तेलातून आलेलं, आणि लाकडात असं गुंतलेलं की नंतर वेगळं करणं अवघड. याला 'लाकूड' म्हणून हिरवं ठरवणं मला पटत नाही. म्हणून २०२१ मधलं केटीएचचंच काम मला जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनपासून केलेलं पॉलिमर (ॲक्रिलिकसारखंच लांब साखळ्यांचं द्रव्य) भरलं आणि १.२ मिमी जाडीला ९० टक्के उजेड, ३० टक्के धूसरपणा मिळवला. अशा लाकडाची नवी बातमी वाचाल तेव्हा जाडी, धूसरपणा आणि पॉलिमर कशाचं, हे तीन आकडे-तपशील आधी शोधा.