वर असताना हाक मारू नये

परवा दुपारी भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर सोनोग्राफीचा फोटो पाठवला, सोळावा आठवडा, "मावशी, नाक बघ ना". मला नाकबिक काही दिसेना, पूर्वी टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तसलं काहीतरी. तरी "अगदी तुझंच नाक" लिहून मोकळी झाले. मग झोप लागेना म्हणून या दिवसांत पोटात काय चाललेलं असतं ते वाचत बसले आणि भलतीकडेच गेले.

तर तिथे चढाई चालू असते. मेंदूच्या पेशी जन्मतात आत खोल, पाण्याच्या पोकळीच्या कडेला, आणि बिऱ्हाड करायचं असतं बाहेर, पार सालीजवळ. मधे ग्लिआ नावाच्या पेशींचे लांबच लांब धागे उभे, त्यांना धरून ही मंडळी वर सरकतात. पास्को राकिच या मेंदूशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये माकडाच्या गर्भात हे दाखवलं. पेशी आधी एक हात पुढे टाकते, पकड घेते, मग मागून आपलं केंद्रक ओढून घेते. परत हात, परत ओढ.

हे वाचलं आणि मी थेट गुहागरला, आजोळच्या आगरात. सुपाऱ्या पाडणारा पाडेली पोफळीवर अस्साच चढायचा, पायात दोरीचा फास, आधी हात वर, मग पाय गोळा करून अख्खं अंग. आणि एक झाड झालं की खाली उतरायचं नावच नाही, शेंडा हलवून झोका घेऊन शेजारच्या पोफळीवर! आम्ही सुपाऱ्या वेचायचं सोडून आ वासून बघत. (मेंदूतही काही पेशी अशा आडव्याच येतात म्हणे, लांबून कुठून.) आजी मात्र पडवीतून दटावायची, "वर आहे तोवर हाक मारू नका रे त्याला."

गंमत म्हणजे उशिरा आलेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून वरच्या थरात जातात. आमच्या पंगतीत कोणी असं केलं असतं तर बघायला नको. यासाठी वरच्या पेशींकडून रीलिन नावाचं प्रथिन यावं लागतं. ते नसलेला उंदीर 1951 मध्ये एडिनबरात नोंदवला गेला, लटपटत चालायचा बिचारा, त्याच्या मेंदूतले थर जवळजवळ उलटे. आणि माणसाच्या बाळात चढाई अर्धवट राहिली तर मेंदूला वळ्याच पडत नाहीत, गुळगुळीत राहतो...

इथे फोन उपडा ठेवला.

संध्याकाळी भाचीचा मेसेज, "मावशी, काय करतेयस?" काही नाही गं, म्हटलं, तू झोप काढ.