व्हॅन गॉगच्या ‘सुगी’मधले शिवार

दक्षिण फ्रान्समधील आर्ल शहरापासून साधारण पाच किलोमीटरवर, एका खडकाळ टेकडीवर माँमाजूरचा बेनेडिक्टीन मठ उभा आहे. जूनच्या रखरखीत दुपारी आम्ही त्याच्या चौदाव्या शतकातील बुरुजावर चढलो, ते मठाच्या वास्तुकलेपेक्षा व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८च्या जूनमध्ये ‘सुगी’ या चित्रात रंगवलेला क्रोचा सपाट मुलूख पाहण्यासाठी. चित्रात हा मठ दूर क्षितिजाजवळ दिसतो. त्यामुळे आम्ही जणू चित्राच्या आतून चित्रकाराच्या दिशेने पाहत होतो.

मूळ चित्र त्याआधी ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात पाहिलेले होते. जेमतेम ७३ बाय ९२ सेंटिमीटरच्या त्या कॅनव्हासवर मधोमध निळी गाडी आहे, गवताच्या गंजीला शिडी टेकवलेली आहे, हाती दाताळे घेतलेला एक माणूस आहे आणि सर्वांत मागे आल्पी डोंगरांची निळसर रांग आहे. माणसे शोधावी लागतात इतकी लहान असली, तरी सुगीत आपल्या खळ्यावर असते तशी लगबग साऱ्या शिवारात जाणवते. या चित्राची ओळख केवळ पिवळ्या रंगावर करून देणे मला अपुरे वाटते, कारण तो पिवळा खुलतो तो शेजारच्या हिरव्या-निळ्या पट्ट्यांमुळे.

भर उन्हात, सावलीचा आडोसा नसताना, व्हिन्सेंट शेतात उभा राहून रंगवत असे आणि मिस्ट्राल वारा सुटला की चित्रफळीची घोडी खुंट्या ठोकून जमिनीत रोवत असे. आठवड्याहून थोड्या अधिक काळात त्याने दहा चित्रे आणि पाच रेखाटने पूर्ण केली. मग जोरदार वादळी पावसाने हंगामच संपवला.

जुलैमध्ये तो याच टेकडीवर बोरूने रेखाटने करत असताना एक सैनिक जवळ आला. हे मैदान मला समुद्राइतके सुंदर वाटते, याचे तुला नवल वाटते का, असे व्हिन्सेंटने त्याला विचारले. समुद्र पाहिलेल्या त्या सैनिकाने उत्तर दिले, की मला तर हे महासागराहूनही सुंदर वाटते, कारण येथे माणसांची वस्ती आहे. चित्रकार मित्र एमिल बेर्नारला लिहिलेल्या पत्रात व्हिन्सेंटने हा प्रसंग नोंदवला आहे, आणि ‘सुगी’वरचे इतके नेमके भाष्य मी कोणा समीक्षकाकडून वाचलेले नाही.

दोन्ही पाहायचे असतील, तर आधी ॲमस्टरडॅम आणि मग आर्ल, हाच क्रम ठेवावा.