हळदीचा खोकला आणि माझं इंजेक्शन

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब लिहितो. कोपरं, पाठ, टाळू सगळं सोरायसिसनं भरलेलं. गादीवरून उठलो की खाली खपल्यांचा सडा. कुणी बघायच्या आत हातानं झाडून घ्यायचो. "हळदीत बसतोस आणि कातडी अशी कशी?" हे 11 वर्षं ऐकलं. मलमं झाली. मेथोट्रेक्झेटच्या गोळ्यांनी लिव्हरचे रिपोर्ट बिघडले. मग डॉक्टरांनी अॅडालिमुमॅब या इंजेक्शनचं नाव काढलं.

मला वाटलं, लगेच टोचतील. पण आधी छातीचा एक्स-रे, बी आणि सी कावीळ, एचआयव्ही आणि टीबीची तपासणी. टीबीसाठी हातावर मॅन्टूची सुई टोचली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फुगवट्यावर पट्टी धरली: 14 मिलिमीटर, म्हणजे टीबीचे जंतू अंगात असण्याची शक्यता. एक्स-रे मात्र स्वच्छ. "घरात कुणाला टीबी होता?" आण्णांना होता. मी तेव्हा पाचवीत, त्यांच्याच अंथरुणात झोपायचो.

डॉक्टरांनी कागदावर गोल काढून दाखवलं. हे औषध टीएनएफ नावाचं प्रथिन अडवतं. कातडीतली आग तेच भडकवतं, पण फुप्फुसात झोपलेल्या टीबीच्या जंतूंभोवती पेशींचं कुंपणही त्याच्याच जोरावर टिकतं. कुंपण मोडलं की जंतू जागे. म्हणून 6 महिने आयसोनियाझिड ही टीबीची गोळी, सोबत बी-6 जीवनसत्त्व. पहिला महिना गोळ्या झाल्यावरच इंजेक्शन. तो महिना मी घरात सगळ्यांवर चिडलो. आज त्या डॉक्टरांचे उपकार वाटतात.

आता 15 दिवसांनी एकदा मांडीत किंवा पोटावर स्वतःच टोचून घेतो. सिरिंज 2 ते 8 अंशांत ठेवायची, बर्फाजवळ नाही. एकदा गोठली की फेकायचीच. 2019 च्या महापुरात पाणी चढायला लागलं, तसा मुलाबरोबर औषधाचा डबा बर्फाच्या पिशवीत, मध्ये टॉवेल घालून, मिरजेला मेहुण्याकडे पाठवला. घरातली भांडी नंतर हलवली.

ताप असला की डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचायचं नाही. जिवंत जंतूंची लस घ्यायची नाही.

सौद्यांच्या दिवसांत यार्डात सगळेच खोकतात. हमाल म्हणतात, "धूळ आहे भाऊ, गूळ खा." मी गूळ खातो, पण खोकला रेंगाळला की डॉक्टरांकडे जातो. गेल्या मार्चमध्ये 16 दिवस खोकलो. एक्स-रे काढला, थुंकी तपासली. धूळच होती.